‘ओहाला’ म्हणजे हो की नाही?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं आणि अम्मी ग्रानादाला जाऊन आलो. आमची लेक तिथे वर्षभरासाठी स्पॅनिश शिकायला आहे. अलहम्ब्रा पाहायला गेलो असं सांगितलं तर ते अर्धंच खरं होईल. पोरगी कुणाच्या घरात राहते, काय खाते, रात्री कुठल्या गल्लीतून परत येते, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. अम्मींना तर नातीला पाहिल्याशिवाय चैनच नव्हतं.

तिची खोली अल्बाइसिन या जुन्या मोहल्ल्यात आहे. टेकडीवर चढत गेलेली पांढरी घरं, दोन माणसं जेमतेम जातील अशा गल्ल्या, पायाखाली गोटे. खाली दारो नदी आणि समोरच्या टेकडीवर अलहम्ब्रा. मोहल्ल्याच्या माथ्यावर सान निकोलासच्या चौकाला लागूनच मशीद आहे. ती 2003 साली उघडली. 1492 मध्ये ग्रानादा पडल्यानंतर इथे मशीद म्हणून उभी राहायला पाचशेहून जास्त वर्षं जावी लागली. तिच्या छोट्या बागेत उभं राहून समोर अलहम्ब्रा पाहताना आमचं बोलणंच थांबलं.

पण लिहायचं आहे ते बोलण्याबद्दलच. घरमालकीणबाई खालच्या मजल्यावर राहतात. वय सत्तरीचं, एकट्याच. लेकीला त्या ‘इहा’ म्हणतात, म्हणजे बेटी. पहिल्याच संध्याकाळी नळाला गरम पाणी येईना. लेकीने खाली सांगितलं. बाई म्हणाल्या, “आओरा सुबो.” शब्दशः, आता वर येते. आम्ही दार उघडं ठेवून बसलो. पाच मिनिटं, पंधरा मिनिटं. बाई आल्या तासाभराने, हसत, हातात पान्हा घेऊन. लेक म्हणाली, “अब्बा, इथलं ‘आओरा’ म्हणजे आपलं ‘आत्ता येते’. घड्याळ बघायचं नसतं.” अम्मींना ते लगेच पटलं. आपल्याकडे पाहुणा निघताना ‘येतो’ म्हणतो तेव्हा कुणी त्याच्यासाठी पुन्हा चहा ठेवत नाही.

गल्लीत आणखी एक गंमत. समोरून येणारे ओळखीचे लोक थांबत नाहीत, ‘अदिओस’ म्हणून पुढे जातात. आम्हाला वाटायचं, भेट झालीच नाही आणि हे निरोप काय घेतात? पण नुसतं ओलांडून जायचं असेल तर तिथे तोच सलाम. मूळ अर्थ ‘देवाच्या हवाली’. अम्मी म्हणाल्या, “म्हणजे खुदा हाफिजच की.” मग त्याही येणाऱ्या-जाणाऱ्याला खुशाल ‘अदिओस’ म्हणू लागल्या.

‘या’ या एवढ्याशा शब्दाने तर आमची फजिती केली. एका दुपारी आम्ही बाईंना सांगत होतो की आमच्या कोकणात चार महिने पाऊस पडतो, कधी कधी आठवडाभर सूर्य दिसत नाही. त्या मान डोलावत म्हणत होत्या, “या, या.” मराठी कानाला ते ‘या, या, बसा’ असंच वाटतं. आम्ही खुलून आणखी सांगत गेलो, वाशिष्ठीच्या पुरापर्यंत पोचलो. बाई वर गेल्यावर लेक पोट धरून हसली. या शब्दाचा अर्थ ‘आधीच’, ‘झालं’, ‘कळलं’ यांपैकी काहीही होतो; पण असा लांबवून दोनदा म्हटला तर बहुधा ‘असं होय, सांगा सांगा’ असा अविश्वासाचा. आपण नाही का म्हणत, ‘हो का?’ त्यातला प्रश्न खरा की टोमणा, ते आवाजावरूनच समजायचं.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. चौथ्या दिवशी मात्र हसू आलं नाही. लेक वर्गाला गेली होती आणि आम्ही तिघं बाहेर जेवायला बसलो. हलाल गोश्ताची दुकानं आणि मोरोक्कन खाणावळी ग्रानादात आहेत, पण त्या दिवशी आम्ही खूप लांब गेलो होतो. ठरवलं की भाजीच खाऊ. पाटीवर फरसबी दिसली. लेकीने पाठ करून दिलेलं वाक्य आम्ही विचारलं, “येवा कार्ने?” यात मांस आहे का? वाढणाऱ्याने ठामपणे ‘नो’ म्हटलं. ताट आलं, अम्मींनी बिस्मिल्लाह म्हणून काट्यावर शेंगा घेतल्या, तेवढ्यात त्यांत गुलाबी तुकडे दिसले. आम्ही त्यांचा हात धरला. वाढणाऱ्याला बोलावलं, तर तो निरागसपणे म्हणाला, “हामोन.” डुकराच्या मांडीचं खारवून वाळवलेलं मांस.

त्या क्षणी संताप आला. आम्हाला फसवलं असंच वाटलं. ताट परत केलं, पाव आणि संत्री घेऊन एका बाकावर बसलो. अम्मी गप्प होत्या. नंतर लेकीने समजावलं तेव्हा कळलं की माणूस खोटं बोलला नव्हता. तिथल्या बोलण्यात ‘कार्ने’ म्हणजे ताटातला मुख्य मांसाचा तुकडा. भाजीत चवीपुरता घातलेला हामोन अनेकांच्या लेखी मांसच नाही, जसं आपल्याकडे फोडणीतलं लसूण. आमच्याही घरी पाहुण्याला ‘आज गोश्त नाही, साधंच आहे’ असं सांगतात आणि ताटात तळलेली सुरमई असते!

म्हणून स्पेनला जाणाऱ्यांनी ‘मांस आहे का’ असं विचारून थांबू नये. एकेक नाव घेऊन विचारावं: थेर्दो, म्हणजे डुक्कर, आहे का? हामोन आहे का? तोथिनो, म्हणजे त्याची चरबी, आहे का? आणि मान्तेका? हा शब्द विशेष लक्षात ठेवा. अर्जेंटिनात मान्तेका म्हणजे लोणी. स्पेनमध्ये लोण्याला मान्तेकिया म्हणतात आणि नुसतं मान्तेका म्हटलं की बहुधा डुकराची चरबी. नाताळच्या सुमारास दुकानांत दिसणारी ‘मान्तेकादो’ नावाची खुसखुशीत मिठाई या चरबीचीच. दिसायला ती आपल्या नानकटाईसारखी असते, म्हणून मुलांचा हात आधी तिकडेच जातो.

त्या संध्याकाळी बाईंना प्रकार कळला. त्या काही न बोलता खाली गेल्या आणि एका टोपलीत चिरिमोया घेऊन आल्या. हे फळ ग्रानादाच्या समुद्रकिनाऱ्याकडे पिकतं. अम्मींनी फोडून पाहिलं आणि चेहरा उजळला, “अगं, हे तर सीताफळाचं भावंड!” दोघी म्हाताऱ्या बिया काढत बसल्या. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती. पण मध्येच बाई ‘आथूकार’ म्हणाल्या, साखर. ‘आथेइते’ म्हणाल्या, तेल. अम्मींना मदरशात शिकलेलं ‘जैत’ आठवलं आणि त्या चकित झाल्या. ‘पर्यंत’ या अर्थाचा ‘आस्ता’ हा अरबी ‘हत्ता’च आहे, सूरह कद्रच्या शेवटच्या आयतीत येतो तोच. 1567 च्या शाही हुकमाने इथल्या मोरिस्को मुसलमानांना अरबी बोलायला बंदी झाली. 1609 पासून त्यांना देशाबाहेरच काढलं. शब्द मात्र घराघरांत राहिले, अगदी मुदपाकखान्यात.

त्यांतलाच एक ‘ओहाला’. काही चांगलं व्हावं असं वाटलं की लोक हा शब्द म्हणतात. बहुतेक जण त्याला ‘इन्शाअल्लाह’ समजतात, पण स्पॅनिश अकादमीचा कोश त्याचं मूळ ‘लौ शा अल्लाह’ असं देतो. अरबीत ‘इन’ म्हणजे होऊ शकणाऱ्या गोष्टीचं ‘जर’ आणि ‘लौ’ म्हणजे होणं कठीण असलेल्या गोष्टीचं ‘जर’. स्पॅनिशमध्ये हा फरक पुढचं क्रियापद करतं. ‘ओहाला पुएदा’ म्हणजे जमू दे, जमेलही. ‘ओहाला पुदिएरा’ म्हणजे जमलं असतं तर किती बरं झालं असतं. शब्द तोच, आशा मात्र वेगळी. आणि आपण तरी काय करतो? सुतार ‘इन्शाअल्लाह जुम्याला’ म्हणाला की कपाट येणार नाही हे ठरलेलं. लग्नाचं आमंत्रण टाळायलाही हाच पाक शब्द पुढे करतो. याची लाज वाटायला हवी, आम्हालासुद्धा.

निघायच्या सकाळी बाई कोपऱ्यापर्यंत पोचवायला आल्या. लेकीच्या खांद्यावर हात ठेवून “त्रांकिला” म्हणाल्या, काळजी करू नका. अम्मींनी लेकीकरवी आग्रह केला, “मे महिन्यात चिपळूणला या. हापूस खाऊ घालते.” बाईंनी अम्मींचे दोन्ही हात हातात घेतले, डोळे ओले झाले आणि म्हणाल्या, “ओहाला...” पुढचं क्रियापद गोट्यांवरून खडखडणाऱ्या बॅगांत हरवलं.

आम्हाला ‘पुदिएरा’ ऐकू आलं. लेक शपथेवर सांगते की ‘पुएदा’च होतं. बसमध्ये आमची तिच्याशी फोनवर हुज्जत चालू होती. अम्मी तोवर विचारत होत्या की त्या बाईला आपला मे महिन्याचा उकाडा सोसेल का, की वरच्या खोलीला कूलर लावून घ्यावा.