पानात टाकायचं नाही

आमच्या घरात उपदेश बहुधा एखाद्या गोष्टीचे बोट धरून येत असे. वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, बहुतेक गोष्टी 1972च्या दुष्काळातल्या. तेव्हा ते अकरा वर्षांचे होते आणि बीड जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावात राहत होते. घरातली मोठी माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. रेशनवर मिळणारा परदेशातून आलेला मिलो दळून त्याच्या तांबूस भाकरी होत, आणि त्या घशाखाली उतरत नसत. कामावर सुकडी वाटली जाई. आजी आपल्या वाट्याची सुकडी पदराच्या टोकाला बांधून घरी आणी व चार मुलांत वाटून देई. पदराला चिकटलेला चुरा अण्णा वेचून खात. हे सांगताना त्यांच्या बोटांची आजही आपोआप चिमूट होते.

गोष्टीचा शेवट ठरलेला असे : पानात टाकायचं नाही. जेवण झाले की ताटात पाणी फिरवून ते पिण्याची त्यांची सवय आम्ही भावंडांनीही उचलली होती.

पुढे घरात सुबत्ता आली. नियम मात्र तोच राहिला. नातवंडांनी टाकलेला वरणभात, पातेल्याच्या तळाशी उरलेली खीर, शिळी पोळी, सारे अण्णांच्या ताटात जाऊ लागले. अठ्ठावन्नाव्या वर्षी मधुमेहाचे निदान झाले. पथ्य सांगणाऱ्या आहारतज्ज्ञांनी सहज सुचवले, "नको वाटेल ते पानात सोडून द्या." अण्णांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "साखर सोडीन, पण अन्न टाकणार नाही."

त्यांच्याशी वाद घालावा असे मला वाटले नाही. नातीने एकदा विचारले होते, "आजोबा, मिलो खाऊन पोट भरायचं का?" त्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नाही भरायचं. म्हणून तर अजून भरलेलं कळत नाही." अशा माणसाला इच्छाशक्तीचे धडे देणे मला तरी अप्रशस्त वाटते.

मार्ग आईने काढला. तिच्या गोष्टी दुष्काळाच्या नव्हत्या, पुराणातल्या होत्या. द्रौपदीच्या थाळीला चिकटलेले भाजीचे एक पान श्रीकृष्णाने खाल्ले आणि दुर्वासांसह सगळे शिष्य तृप्त झाले, ही तिची आवडती कथा. लहानपणी आम्हांला त्यात चमत्कार दिसे. आई त्यातून एवढेच काढी की आधी थोडे घ्यावे, थोडे थांबावे, मग लागल्यास मागावे. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण वीस मिनिटे लागतात, हे तिला कोणी शिकवले नव्हते. भराभर जेवणाऱ्याचे ताट त्याआधीच दोनदा भरलेले असते.

तिने अण्णांचा नियम जसाच्या तसा ठेवला आणि वाढण्याची पळी बदलली. नातवंडांना भात आता चमच्याने वाढला जातो. त्यामुळे त्यांच्या ताटात उरत नाही आणि आजोबांकडे सरकतही नाही. उरलेले अन्न लगेच झाकून फ्रिजमध्ये जाते. सकाळी त्याच भाकरीचा कुस्करा होतो, तो सगळ्यांत वाटला जातो. कमी वाढणे म्हणजे उपाशी ठेवणे मात्र नव्हे, याबाबत ती फार काटेकोर आहे. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण चुकले तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. म्हणून अण्णांच्या जेवणाच्या वेळा ती घड्याळ लावून पाळते आणि त्यांच्या ताटातले प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवते.

खरी पंचाईत होते ती लग्नाच्या पंगतीत. आग्रह करणारे जवळ आले की अण्णा ताटावर दोन्ही हात आडवे धरतात. तरीही एखादी जिलबी पडतेच. मग ती उष्टी होण्याआधी ते अलगद उचलून शेजारच्या पानात ठेवतात. शेजारी आई बसलेली असते.