शर्यतीचं चाक

दोस्तांनो, सायकलची शर्यत म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? वाकडं हँडल, पातळ टायर आणि चकचकीत रिम! मग त्यांची किंमत कानावर येते आणि आपण शर्यतीचा विचारच सोडून देतो. पण घरातली साधी काळी सायकलसुद्धा शर्यतीत उतरू शकते बरं का! फक्त पैसे कुठे खर्चायचे, ते कळायला हवं.

आमच्या शाळेतल्या सातवीच्या एका मुलाला प्रजासत्ताक दिनाच्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत भाग घ्यायचा होता. सायकल वडिलांची आणि साठवलेले पैसे पाचशे.

"बाई, एवढ्यात पातळ चाकं येतील का?"

नव्हतीच येणार. आणि आली असती, तरी दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच सायकलीवर दुधाच्या किटल्या न्यायच्या होत्या! त्याचं तोंड उतरलं. "मग मी नाव मागे घेतो," तो म्हणाला.

"थांब. आधी टायर वाचू या," मी म्हणाले.

टायर वाचायचा? हो! टायरच्या कडेला आकडे असतात. काळ्या सायकलीच्या टायरवर ४०-६३५ असं दिसेल. ४० मिलिमीटर ही टायरची रुंदी आणि ६३५ हा टायर रिमवर बसतो तिथला व्यास. हा दुसरा आकडा जुळलाच पाहिजे. नुसतं '२६ इंची द्या' म्हणून चालत नाही. २६ इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या एका टायरवर ५५९ असतं, दुसऱ्यावर ५९०. एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही, आणि पैसे फुकट जातात!

मग आम्ही सायकल उलटी करून चाक फिरवलं. ते डावी-उजवीकडे डुलत होतं. असं डुलणारं चाक ब्रेकच्या रबराला घासतं आणि तुमची ताकद खातं. दुकानातल्या काकांनी स्पोक आवळून, सैल करून चाकाचा आऊट काढला. नव्या चाकाचे पैसे वाचले.

मागच्या टायरला मात्र चिरा पडल्या होत्या. उरलेल्या पैशांत एकच टायर येत होता. मग तो मागे बसवायचा? नाही! नवा टायर पुढे, आणि पुढचा जुना पण धड टायर मागे. मागच्या चाकावर वजन जास्त, म्हणून तो लवकर झिजतो. पण पुढचा टायर घसरला किंवा फुटला, तर सायकल सावरणं फार कठीण.

तुमच्याकडे रेंजर असेल तर आणखी एक गोष्ट. गुठळ्यांचा टायर चिखलात चांगला, पण डांबरी रस्त्यावर तो घरघरतो आणि वेग कमी करतो. तिथे गुळगुळीत टायर बरा.

आता राहिली हवा. हवा कमी असली की टायर सारखा दबतो आणि फुगतो, आणि त्यात तुमची ताकद वाया जाते. जास्तीत जास्त किती हवा भरायची, तेही टायरवरच लिहिलेलं असतं. त्यापुढे जाऊ नका. जॉन बॉइड डनलॉप हे बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर. १८८७ साली त्यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर बसवले. १८८९ साली विली ह्यूम तसेच टायर लावून बेलफास्टच्या शर्यतीत उतरला आणि भरीव टायरवाल्यांना मागे टाकून जिंकला!

आमचा गडी अकरावा आला. त्या दहा किलोमीटरमध्ये त्याचं चाक जवळजवळ साडेचार हजार वेळा फिरलं, आणि एकदाही त्यानं दगा दिला नाही. दुसऱ्या दिवशी दूधही वेळेवर पोचलं.

तेव्हा दोस्तांनो, 'आपल्याकडे चांगली सायकल नाही' असं म्हणण्याआधी ती उलटी करा, चाक फिरवा, टायर वाचा. मग ठरवा, शर्यतीत नाव द्यायचं की नाही!