सडपातळ माणसाची चरबी

आपल्याकडे जाड माणसाला सगळे सल्ले देतात, सडपातळ माणसाला मात्र आग्रहाने वाढतात. माझे भाईजान असेच सडपातळ. चाळिशीतच त्यांना साखरेचा आजार निघाला, तेव्हा अम्मीचा विश्वासच बसेना. "याच्या अंगावर मांस तरी कुठंय?" असे ती म्हणत राहिली.

याचे उत्तर पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दिले आहे. ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, अगदी सारखे होते : २२.३. पण शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो या आकड्यांसह छापून आला. आपण भारतीय दिसायला बारीक असलो, तरी आत चरबी असू शकते.

ही चरबी फक्त पोटात नसते, हातापायांच्या स्नायूंतही साठते. रात्रभर पोट रिकामे असते, तेव्हा आपले स्नायू मुख्यतः चरबीवर चालतात. जेवलो की इन्सुलिन वाढते, चरबी जळणे मंदावते आणि स्नायू रक्तातली साखर आत घेतात. पण सकाळपासून चहा-खारी, मग बिस्किटे, मग फरसाण असे चालू राहिले आणि हालचाल नसली, तर चरबीची पाळी येणार कधी? तिचे बारीक थेंब स्नायूंत साचतात. मग इन्सुलिनचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोहोचत नाही आणि साखर रक्तातच राहते. लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या स्नायूंतही असे थेंब भरपूर असतात, पण ते रोज वापरले जातात आणि रोज नव्याने भरतात. म्हणजे प्रश्न साठ्यापेक्षा तो पडून राहण्याचा आहे.

रोज्यात दिवस चढतो तशी शरीराची चरबी कामी येऊ लागते. मात्र इफ्तारला भजी, समोसे आणि गोड शरबत यांचा मारा झाला, तर खर्चापेक्षा जमा जास्त! साखरेची औषधे घेणाऱ्यांनी रोजे ठेवण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारावे.

आमच्या घरी डालडा बंद झाला. भात अर्धा झाला, डाळ-भाजी वाढली. बिर्याणी आहे, पण रोजची नाही. मधल्या वेळचे खाणे कमी झाले. रात्री जेवल्यावर भाईजान पंधरा मिनिटे चालतात, कारण काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही साखर ओढून घेतो. अम्मीला अजून वाटते की आम्ही त्यांना उपाशी ठेवतो. त्यांच्या तपासणीचे आकडे मात्र हळूहळू खाली येत आहेत, अलहमदुलिल्लाह.

भगिनींनो, घरातल्या जाड माणसाची साखर तपासाल, तेव्हा सडपातळ माणसालाही सोबत न्या.