तापाचा पहिला दिवस

कोरोनाच्या लाटेत प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे ना सीटी स्कॅन होतं, ना महागड्या तपासण्या. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, भिंतीवरचं घड्याळ आणि व्हरांडा, एवढ्यावर ठरवायचं: समोरच्याला घरी ठेवायचं की तालुक्याला धाडायचं.

पहिला प्रश्न एकच, ताप कधी आला? ‘झाले दोन-तीन दिवस,’ पेशंट म्हणायचा. दारातून बायको म्हणायची, ‘कसले दोन-तीन? मागच्या बाजारापासून अंग मोडून आलंय यांचं.’ तिचा हिशेब धरायचा. कारण डाव उलटायचा तो बहुतेकदा पाचव्या ते दहाव्या दिवसात. ताप उतरलेला, माणूस बोलतोय, धाप नाही, आणि ऑक्सिजन मात्र खाली.

म्हणून मोजणं नीट हवं. नेलपॉलिश पुसायचं, गार बोट चोळून ऊब आणायची, आकडा स्थिरावेपर्यंत थांबायचं. 96 दिसला तरी लगेच ‘घरी जा’ म्हणायचं नाही. सपाट जागेवर सहा मिनिटं चालवायचं, साठी उलटलेल्यांना तीनच, आणि पुन्हा मोजायचं. आकडा तीनहून जास्त घसरला, 93च्या खाली गेला किंवा दम लागला, की ॲम्ब्युलन्स. बसल्याजागीच कमी असेल त्याला मुळीच चालवायचं नाही. (ऑक्सिमीटरमागचं तत्त्व शोधणारे जपानी अभियंते ताकुओ आओयागी एप्रिल 2020मध्ये वारले. जग तेव्हा त्यांच्याच यंत्राच्या शोधात होतं.)

खरं कसब लागायचं ते औषध न देण्यात.

‘डॉक्टर, जरा स्ट्राँग द्या.’ घाबरलेल्या घराला नुसतं पॅरासिटामॉल पटत नाही. पण ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीनं जून 2020मध्येच दाखवलं होतं, की डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र काही फायदा नाही. तिथल्याच प्रिन्सिपल चाचणीत घरी उपचार घेणाऱ्यांना ॲझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचाही उपयोग दिसला नाही. तरी आपल्याकडे कित्येकांना पहिल्या-दुसऱ्या दिवशीच स्टेरॉइड मिळालं, शुगर भडकली, आणि 2021च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजारानं डोळे, जबडे, जीव नेले. त्यातलं बरंच टळलं असतं.

औषधाऐवजी द्यायचा तो वेळ. सकाळ-संध्याकाळ आकडा विचारणारी आशाताई हा या उपचाराचा अर्धा भाग होता आणि तिच्या मानधनात तो कधीच पुरता उतरला नाही. तिच्या वहीत चार रकाने असत: नाव, तापाचा पहिला दिवस, सकाळचा आकडा, संध्याकाळचा आकडा. पुढच्या साथीची तयारी करताना आधी या वह्या छापून ठेवायला हव्यात.