होल्टेज डाउन

"होल्टेज डाउन हाय," असं बाबा म्हणायचे तेव्हा घरातलं कोणीतरी तापानं फणफणलंय, असंच वाटायचं. अकोल्याच्या जठारपेठेतलं आमचं घर, वेळ संध्याकाळी सातची. बल्बमधली तार नारिंगी पडलेली, पंख्याची पाती मोजता येतील इतक्या सावकाश फिरणारी. स्टॅबिलायझर टक-टक करत राहायचा, काटा १६० च्या आसपास लटपटायचा आणि आई धावत जाऊन फ्रिजचं बटण बंद करायची.

वरूडला मामांच्या संत्र्याच्या बागेत तर हे दुखणं पैशांवर यायचं. आंबिया बहाराला उन्हाळ्यात पाणी हवं, आणि लाईन यायची ती रात्री, तीही अशक्त. मोटार घरघरत राहायची, पाणी काही पाइपच्या तोंडाशी पोचायचं नाही, आणि पहाटे विहिरीकडून जळक्या वॉर्निशचा वास यायचा. रिवाइंडिंगवाल्याकडे मोटार खोलल्यावर आतल्या तांब्याच्या काळ्या पडलेल्या तारांचा गुंता मामांनी माझ्या हातावर ठेवला होता. "लाईन कमी आली का मोटार जयते," एवढं शास्त्र मला दहाव्या वर्षीच कळलं होतं.

गेल्या मे महिन्यात त्याच जठारपेठेतल्या घरात भाच्यानं त्याचा गेमिंग लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, "मामा, मी होल्टेज कमी केलं ना, पाहा, आता गेम अडकत नाई." माझा हात आपसूक चार्जरच्या बटणाकडे गेला. ज्या गोष्टीला आम्ही जन्मभर भ्यायलो, ती हा पोरगा मुद्दाम करत होता. आणि त्याचंच बरोबर होतं. प्रोसेसरचं तापमान ९७ वरून ८५ वर आलं होतं, पंख्याचा आवाज उतरला होता आणि गेम पहिल्यापेक्षा वेगात चालला होता.

रात्री गच्चीवर पडल्या पडल्या मी त्याला आमच्या सेलेरॉनची गोष्ट सांगितली.

१९९९ साली मी अमरावतीला इंजिनिअरिंगला होतो. गाडगेनगरात चौघांची एक खोली. चौघांनी पैसे जमवून नागपूरहून एकेक भाग आणला आणि कॉम्प्युटर जोडला. आत प्रोसेसर होता इंटेलचा सेलेरॉन ३००ए. १९९८ च्या ऑगस्टमध्ये आलेली ही चिप त्या काळच्या पोरांमध्ये दंतकथा झाली होती. छापील वेग ३०० मेगाहर्ट्झ. पण तिचा गुणक ४.५ वर पक्का बसवलेला, आणि बोर्डाचा वेग ६६ ऐवजी १०० केला की सरळ ४५०. म्हणजे स्वस्तातल्या चिपला महागड्या पेंटियम टूचा वेग. पोरं त्यासाठी जीव टाकायची.

आमचा बोर्ड १०० द्यायला तयार नव्हता. जंपर बदलून ७५ आणि ८३ तेवढे मिळायचे. आम्हाला वाटलं, हळूहळू चढावं, एकदम उडी नको. तिथेच फसलो. १०० वर बोर्ड बाकीच्या कार्डांसाठी वेगाचे तीन भाग करतो, म्हणजे त्यांना त्यांचा ठरलेला ३३ च मिळतो. ८३ वर मात्र दोनच भाग होतात आणि हार्ड डिस्कच्या वाटेला ४१ च्या पुढचा वेग येतो. चिप बिचारी धडधाकट होती, डिस्क कोलमडली. तिसऱ्या दिवशी विंडोज ९८ उठेना, आणि एका मित्राचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट रिपोर्ट त्यात गेला. फ्लॉपीवर दोन आठवड्यांपूर्वीची प्रत होती म्हणून निभावलं. तो चार रात्री जागून पुन्हा टाइप करत होता आणि आम्ही तिघं आळीपाळीनं त्याला चहा करून देत होतो. मधली पायरी सुरक्षित असतेच असं नाही, हे मी त्या खोलीत शिकलो.

मग कळलं टेपचं. सेलेरॉनची ती पाटी स्लॉटमध्ये उभी बसायची. तिच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची रांग, त्यातली बी२१ नावाची एक पट्टी बोर्डाला सांगायची की मी ६६ वाली आहे. ती झाकली की बोर्ड तिला १०० वाली समजायचा. इन्सुलेशन टेपमधून ब्लेडनं तांदळाच्या दाण्याहून बारीक पट्टी कापली. एकानं टॉर्च धरला, एकानं पट्ट्या मोजल्या, मी श्वास रोखून ती चिकटवली. शेजारच्या पट्टीवर केसभरही जाता कामा नये. बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली: ४५०. चौघंही ओरडलो, तेव्हा खालून घरमालकांनी हाक मारली.

मार्चपर्यंत यंत्र झकास चाललं. एप्रिलच्या दुपारी अडकू लागलं. कॅबिनेटची बाजू काढून टेबलफॅन लावला, तरी दोन वाजता पडदा गोठायचाच. रात्री दहानंतर तेच यंत्र तक्रार न करता पहाटेपर्यंत क्वेक खेळवायचं. "कायले जीव घेतं बे त्याचा, ऊन उतरू दे," असं म्हणत मित्रानं टेप सोलून काढली. तेव्हापासून नेमच पडला. ऊन तापलं की टेप काढायची आणि तीन महिने ३०० वर समाधान मानायचं. मृगाचा पहिला पाऊस पडला की नवी पट्टी कापायची. वऱ्हाडातल्या शेतासारखंच आमच्या कॉम्प्युटरलाही हंगाम होते.

भाच्याला हे ऐकून नवल वाटलं ते एवढ्याचंच, की चिपमध्ये अर्ध्यापट वेग शिल्लक ठेवलेला असायचा. आता तो नसतो. आजचा प्रोसेसर गार आहे, वीज आहे असं दिसलं की स्वतःच स्वतःला पळवतो, पार कडेपर्यंत. वर चढायला जागा उरलेलीच नाही. शिल्लक असते ती व्होल्टेजमध्ये. लाखो चिपा एकाच साच्यातून निघतात, काही दणकट, काही नाजूक. सगळ्यात नाजूक चिपही चालावी म्हणून कंपनी सगळ्यांनाच थोडं जास्त व्होल्टेज देते. आपल्या वाट्याला बरी चिप आली असेल, तर ते जास्तीचं व्होल्टेज नुसतं तापत राहतं.

मामांची मोटार आणि ही चिप यांच्यातला फरक मला त्या रात्री नीट उलगडला. मोटारीला ठरलेलं पाणी ठरलेल्या उंचीवर चढवायचंच असतं. व्होल्टेज कमी पडलं की ती तेवढ्याच कामासाठी जास्त करंट ओढते, आणि त्यानं वाइंडिंग जळतं. चिपच्या आत कसलंच ओझं उचलायचं नसतं, कोट्यवधी स्विच फक्त उघडझाप करतात. व्होल्टेज उतरलं की करंटही उतरतो. ढोबळ हिशेबानं वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते, म्हणून दहा टक्के व्होल्टेज उतरवलं की त्याच वेगाला सुमारे १९ टक्के वीज वाचते. अति उतरवलं तर चिप जळत नाही, चुकते. लॅपटॉप गोठतो किंवा निळा पडदा येतो. उलट आमच्यासारखं वेग दीडपट आणि व्होल्टेज २ वरून २.२ केलं असतं, तर उष्णता १.८ पट झाली असती. अकोल्यातल्या लॅपटॉपला ओव्हरक्लॉक करू नये, म्हणजे ठरलेल्या वेगापुढे पळवू नये, हे माझं ठाम मत या हिशेबातून आलेलं आहे.

दुसरं कारण इथली हवा. बहुतेक लॅपटॉपच्या पुस्तिकेत ३५ अंशांपर्यंतच्या खोलीत वापरा असं लिहिलेलं असतं. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेला आणि जिल्हा प्रशासनाला उन्हासाठी कलम १४४ लावावं लागलं. चिप १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग तोडते. पुण्याच्या २५ अंशांच्या खोलीत तिला तोवर ७५ अंशांची उतरण मिळते, अकोल्याच्या ४२ अंशांच्या खोलीत ५८ चीच. उष्णता त्या उतरणीवरूनच बाहेर जाते. म्हणजे तोच लॅपटॉप, तेच पंखे, पण इथे जवळपास चौथा हिस्सा उष्णता कमी बाहेर पडणार.

भाच्यानं काम शिस्तीत केलं होतं, हे मला सगळ्यात आवडलं. आधी लॅपटॉप खोलून पंखे साफ केले. पंख्यामागच्या जाळीवर नमद्यासारखा थर बसला होता, धूळ आणि जिनिंगच्या रुईचे तंतू. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलली. नुसत्या त्यानंच सहा अंश उतरले. मग एका वहीत मूळ आकडे लिहिले. एका वेळी दहा मिलिव्होल्ट उतरवायचे, तासभर गेम खेळायचा, अडकलं नाही तर पुढचे दहा. उणे ८० ला एकदा निळा पडदा आला, तेव्हा तो उणे ६० वर येऊन थांबला. लॅपटॉप सुरू होताना हा बदल आपोआप लागू होईल, ही खूण त्यानं आठवडाभर केलीच नाही. बिघडलं तर बंद करून सुरू केलं की सगळं मूळपदावर. ग्राफिक्ससाठी आफ्टरबर्नर नावाच्या प्रोग्रॅममध्ये व्होल्टेज आणि वेगाची रेघ एका उंचीवर सपाट केली.

सगळ्यांना हे जमेलच असं नाही. २०१९ च्या डिसेंबरमध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली त्रुटी उघड झाली, तेव्हापासून इंटेलच्या अनेक लॅपटॉपमध्ये व्होल्टेजला बायोसमधूनच कुलूप असतं. ते तोडायला कुठलं तरी बायोस उतरवून घालणाऱ्या पोरांची मला काळजी वाटते. त्यात अख्खा बोर्ड जाऊ शकतो. कुलूप असेल तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के करावी, म्हणजे बहुतेक लॅपटॉपचा टर्बो बंद होतो. गेमचे एफपीएस ६० वर बांधावेत. थोडा वेग जाईल, दुपार निभावेल.

एक गोष्ट मात्र मला भाच्याला सांगावी लागली. त्यानं लॅपटॉप कूलरच्या ऐन झोतात ठेवला होता. नळाला येणारं महान गावच्या धरणाचं पाणी आम्ही पिण्याला राखतो, कूलरमध्ये जातं ते बोअरचं, आणि आपला हा खारपाणपट्टा. मी कूलरच्या वाळ्यावरून बोट फिरवून त्याला दाखवलं, बोट पांढरं झालं. तेच क्षार बारीक तुषारांसोबत लॅपटॉपच्या जाळीतून आत जातात, बोर्डावर बसतात आणि ओल मिळाली की धातू खातात. त्यानं त्याच दिवशी टेबल खोलीच्या दुसऱ्या भिंतीला नेलं.

अमरावती-अकोल्याकडच्या पोरांना आणि त्यांच्या आईवडिलांनाही सांगतो: लॅपटॉप कूलरच्या झोतापासून दूर ठेवा, पंखे उन्हाळ्याआधी साफ करून घ्या, आणि फेब्रुवारीत बसवलेला व्होल्टेजचा आकडा एप्रिलच्या दुपारी एकदा पुन्हा तपासा.