मोतमाउलीची जत्रा : तेव्हाची आणि आजची

सप्टेंबर लागला की वसईपासून वरळीपर्यंतच्या कितीतरी घरांत एकच बोलणं असायचं, ‘यंदा माउलीला कधी जायचं?’ कोणती माउली, हे सांगावं लागत नसे. वांद्र्याच्या टेकडीवरची मोतमाउली, माउंट मेरी. 8 सप्टेंबर हा मरियामातेचा जन्मदिवस. त्यानंतरच्या रविवारी तिचा सण आणि पुढे आठवडाभर जत्रा. गणपती त्याच सुमारास आले, तर मुंबईची माणसं एकाच आठवड्यात दोन्हीकडे हात जोडून यायची. आजही येतात.

या मूर्तीने फार सोसलं आहे. सोळाव्या शतकात जेझुइट धर्मगुरूंनी ती पोर्तुगालहून आणली आणि टेकडीवर लहानसं देऊळ उभारलं. 1700 मध्ये अरब चाचे आले आणि सोन्याच्या लोभाने त्यांनी मूर्तीचा उजवा हात तोडला. तेवढ्यात मधमाश्यांचं मोहोळ उठलं आणि चाचे पळत सुटले, ही गोष्ट आमच्या आजीच्या पिढीने डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगितली. पुढे मराठ्यांची साष्टी-वसईची मोहीम झाली. त्या धामधुमीत टेकडीवरचं देऊळ गेलं. एका कोळ्याला स्वप्न पडलं आणि समुद्रात मरियेची मूर्ती सापडली, ही कथाही त्याच काळातली. खलाशांची माता म्हणून ओळखली जाणारी ती मूर्ती वांद्र्याच्या सेंट अँड्र्यू चर्चमध्ये आहे. 1761 मध्ये टेकडीवर पुन्हा देऊळ उभं राहिलं आणि मूळ मूर्ती दुरुस्त होऊन परत आली. तुटलेला हात झाकावा म्हणून तिच्या कडेवर बाळ येशू दिला गेला. आपण हात जोडतो ती माता अशी जखम झालेली, सांधलेली आहे. म्हणूनच दुखणेकऱ्यांना ती आपली वाटत आली असावी.

तेव्हा तिच्याकडे पोहोचणं हाच मोठा नवस होता. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती, होडीशिवाय पलीकडे जाता येत नसे आणि वादळात होड्या उलटत. लेडी जमशेटजी जीजीभॉय यांनी 1,57,000 रुपये दिले आणि 1840च्या दशकात माहीमचा कॉजवे झाला. आज आपण जिला बॅसिलिका म्हणतो, ती इमारत 1904 मध्ये पूर्ण झाली. तिचे वास्तुरचनाकार होते शापूरजी चंदाभॉय. पारशी बाईच्या पैशाने बांधलेल्या रस्त्यावरून यायचं आणि पारशी माणसाने रचलेल्या चर्चमध्ये गुडघे टेकायचे! या टेकडीने सर्वधर्मसमभावावर कधी भाषण दिलं नाही, तो इथे नुसता घडत आला. 1954 मध्ये पोप पायस बारावे यांनी चर्चला बॅसिलिकेचा मान दिला, तोवर लोकांनी तो कधीच देऊन टाकला होता.

माझ्या लहानपणी पहाटेची विरार गाडी पकडून आम्ही निघायचो. आजीचं ठेवणीतलं लुगडं, आईच्या पिशवीत घरची भाकरी आणि सुकट, आम्हा मुलांच्या अंगावर नवे कपडे. वांद्रे स्टेशनपासून हिलरोडने चालत जायचं. दुतर्फा कौलारू बंगले होते, व्हरांड्यात बसलेली म्हातारी माणसं ओळख नसतानाही हात हलवायची. चढावर पहिला थांबा मेणाच्या वस्तूंचा. ज्याचा गुडघा दुखतो त्याने मेणाचा पाय घ्यायचा, जिला मूल हवं तिने मेणाचं बाळ. आमच्या आजीने वर्षानुवर्षं मेणाचं घर वाहिलं, कारण आम्ही भाड्याच्या खोलीत राहत होतो. मराठी मिस्सा झाली की उरलेला वेळ पाळण्यांचा, चण्यांचा, मिठाईचा आणि पिपाण्यांचा. हरवलेलं मूल कुणाच्याही खांद्यावर बसून आपल्या माणसांकडे परत येई.

आज बेस्ट जादा गाड्या सोडते, पोलिसांचे कॅमेरे लागतात, पिशव्या तपासल्या जातात. एवढ्या गर्दीला ते हवंच. ज्यांना चढ झेपत नाही ते घरी बसून मोबाइलवर मिस्सा पाहतात. 2020 मध्ये करोनामुळे जत्रा भरली नाही, तेव्हा सगळ्यांनाच तोच आधार उरला होता. टेकडीवरून समुद्राकडे पाहिलं तर 2009 पासून सी-लिंकचे दोर दिसतात. कौलारू बंगल्यांच्या जागी मनोरे आले. रानवार, चिंबई, पाली, शेर्ली या गावठाणांतल्या कितीतरी ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि कोळी घरांतली मुलं वसई-मीरा रोडला किंवा परदेशी राहायला गेली. मेणाच्या वस्तूंत आता गाडी आहे, विमान आहे. विमान वाहणाऱ्याला व्हिसा हवा असतो. मला त्यात काही गैर दिसत नाही. माझ्या आजीला घर हवं होतं, त्याला व्हिसा हवा आहे. दोघांची कळकळ एकाच जातीची.

खंत एवढीच, की पूर्वी नवस सगळ्यांच्या देखत बोलला जायचा. गाडीच्या डब्यात शेजारी बसलेली बाई विचारायची, ‘कशासाठी चाललीस गं?’ आणि उत्तर ऐकून तीही आपल्या मागणीत त्या अनोळखी घराचं मागणं जोडायची. एकाचं दुखणं दहाजणींच्या प्रार्थनेत जायचं. आता आपण गर्दीतून जातो, पण एकेकटेच जातो. कानात गाणी, हातात फोन, आणि दर्शन झालं की परतीची टॅक्सी.

मूर्तीचे चमत्कार ज्याने त्याने आपल्या श्रद्धेने मानावेत. मला दिसतो तो चमत्कार माणसांचा आहे. चाच्यांनी तोडलं ते कुणीतरी जोडलं, पडलं ते कुणीतरी बांधलं, खाडी होती तिथे कुणीतरी रस्ता दिला. ही परंपरा आता आपल्या हाती आहे. तेव्हा यंदा माउलीला जाताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत घ्या, टॅक्सी करावी लागली तरी घ्या. त्यांनी काय मागितलं होतं आणि काय मिळालं, ते विचारा आणि लिहून ठेवा. गावठाणातल्या बाया अजून जत्रेत दुकान मांडत असतील, तर मिठाई त्यांच्याकडूनच घ्या. आणि रांगेत शेजारी उभ्या असलेल्या माणसाला विचारा, ‘कशासाठी आलात?’ आपल्या मागणीत त्याचं मागणं जोडलं, तर ही जत्रा पुन्हा आपल्या सगळ्यांची होईल.