सालीचा श्वास

नावड्यास आमच्या घरामागें एक रायवळ आंबा आहे. पलीकडे तळोज्याचे कारखाने आले, अलीकडे सिडकोच्या इमारती उठल्या; झाड बापडें आपलें मोहरतेंच आहे. त्याचीं फळें आंबटगोड आणि दोरेदार. तथापि आमच्या कन्येस त्यांच्यापुढें हापूसहि रुचत नाहीं. ती परदेशीं असते, आणि यंदा जूनच्या उत्तरार्धांत यावयाची होती. तोंवर झाडावर कांहीं उरत नाहीं. "नातीसाठीं चार आंबे राख रे बाबा," आई म्हणाली, "पुढल्या वर्षीं मी असेन नसेन."

आईच्या माहितीचा उपाय म्हणजे पेंढ्याची अढी; परंतु अढी आंबा पिकविते, थोपवीत नाहीं. आम्हांस बाजारांतल्या चकचकीत सफरचंदांची आठवण झाली. त्यांवर मेणाचा हात असतो. नागपुरी संत्र्यांसहि दूर धाडतांना तो देतात. मधमाश्यांचें मेण, कारनौबा नांवाच्या ब्राझिली ताडाचें मेण आणि आपली बांगड्यांची लाख, हीं ताज्या फळांस लावण्याची मुभा २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनीं दिली आहे. मात्र तसें लेबलावर सांगावें लागतें. आम्हांस लेबल कोणास दाखवावयाचें होतें? मेण वितळवून आम्हीं बारा कैऱ्या त्यांत यथेच्छ बुचकळल्या.

पंधरा दिवसांनीं तशाच ठेवलेल्या कैऱ्या पिकून सुरकुतल्या, आणि आमच्या मात्र हिरव्यागार! आम्ही विजयी मुद्रेनें घरभर हिंडलों. आईनें एक उचलून हुंगली. "ही गुदमरली रे," ती म्हणाली. कापून पाहतों तों आंत ताडीसारखा दर्प.

चूक आमची होती. तोडलेलें फळ मेलेलें नसतें. तें प्राणवायु घेतें, कर्बवायु सोडतें, ओलावा गमावतें, आणि ह्या श्वासाच्या वेगानेंच पिकतें. लेप इतकाच पातळ हवा कीं श्वास मंदावावा, थांबूं नये. तो थांबला कीं फळाच्या पेशी प्राणवायूवांचून साखर जाळूं लागतात आणि मद्यार्क तयार होतो. कोळंबी व खेकडे ह्यांच्या कवचांपासून कायटोसान नांवाचें द्रव्य काढून त्याचाहि पारदर्शक लेप शास्त्रज्ञ फळांस देतात. आमच्या शाकाहारी मावशींच्या कानीं हें अद्याप घातलेलें नाहीं.

झाडाच्या शेंड्याला सहा कैऱ्या उरल्या होत्या. ह्या खेपेस अंगणांतल्या कोरफडीचा गर गाळून, पाणी घालून, हातानें पुसट चोळला. शीतकपाटाचा मोह टाळला, कारण फार गारठ्यानें कच्चा आंबा बिघडतो, नीट पिकत नाहीं. माजघरांतल्या गार कोपऱ्यांत ठेवल्या. आई रोज उठून त्या चांचपी. चार नासल्या. कन्या आली त्या दिवशीं दोन शिल्लक होत्या, पिवळ्या, किंचित् सुरकुतलेल्या.

तिनें एक उचलून थेट दांतांनींच साल सोलावयास घेतली.

"अगं, धू आधीं!" आई पलंगावरून ओरडली. "तुझ्या बापानें त्याला कोरफड फासली आहे!"

दुसरा आंबा आईनें खाल्ला नाहीं. तो तिनें नातीच्या उशाशीं ठेवला.